दोन गटांच्या गावातला एक संघ

गावाचं नाव मी सांगणार नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. बासष्ट वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेल्या बाईचं आता कोण काय वाकडं करणार? पण तिथं अजून निवडणुका होतात, आणि माझ्या लिहिण्यावरून कुणी कुणाच्या दारात भांडायला जाऊ नये, एवढंच. कोल्हापुरातून एसटीनं तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंनी ऊस, मध्ये एक ओढा. म्हटलं तर गाव एकच. पण "तू कुठल्या गावची?" असं आम्हाला फक्त परका माणूस विचारायचा. आमच्यातलं माणूस विचारायचं, "तुमी पारावरचं का विहिरीवरचं?" रावसाहेबांची माणसं देवळापुढच्या पारावर बसायची आणि भाऊसाहेबांची थोरल्या विहिरीच्या कट्ट्यावर. दोघे सख्खे चुलतभाऊ. भांडण कशावरून सुरू झालं म्हणाल तर तीन म्हाताऱ्यांनी तीन गोष्टी सांगितल्या असत्या, आणि मी लहानपणी तिन्ही ऐकल्या आहेत. कारखान्याच्या निवडणुकीला दोघे दोन पॅनेलांतून उभे राहिले, तिथून पुढं मात्र काही धरबंद राहिला नाही.

मग गावात सगळंच दोन दोन झालं. दूध संस्था दोन, तालमी दोन, गणपती दोन, लग्नात वाजवणारे बँड दोन. पिठाच्या गिरण्याही दोन. एकीचा पट्टा तुटला तर त्या गटाच्या बायका डोक्यावर दळण घेऊन शेजारच्या गावाला जायच्या, पण समोरच्या गिरणीत पाऊल टाकायच्या नाहीत. सकाळी सहाला दोन्ही डेअऱ्यांचे कर्णे एकदमच सुरू व्हायचे, इकडं भूपाळी आणि तिकडं अभंग, आणि मधल्या गल्लीत राहणाऱ्या आम्हाला दोन्ही मिळून एक तिसरंच गाणं ऐकू यायचं. मयताला तेवढे दोन्ही गट यायचे, पण उभे राहताना दोन बाजूंना उभे राहायचे. एकच गोष्ट गावात एक राहिली होती, ती म्हणजे आमचा मुलींचा कबड्डीचा संघ. त्यामागं काही थोर कारण नव्हतं. तो फोडावा एवढी किंमतच त्याला कुणी दिली नव्हती.

आम्ही सात जणी. तिघी पाराच्या घरांतल्या, तिघी विहिरीच्या घरांतल्या, आणि सातवी सुमन कांबळे, बौद्धवाड्यातली. तिथं दोन्ही गटांची माणसं मतदानाच्या आधी आठ दिवस उगवायची आणि निकालाच्या दिवशी मावळायची. मी कप्तान, डावा कोपरा माझा. उजव्या कोपऱ्यात चंपी, भाऊसाहेबांची सख्खी पुतणी. पकडीला आम्ही दोघी आणि चढाईला सुमी. सुमी एरवी अशी हळू चालायची की तिची आई वैतागून म्हणायची, "ह्या पोरीला पाणी आणाय पाठवलं की आमी तहानंनं मरताव." पण मध्यरेषा ओलांडली की तिचं काय व्हायचं देव जाणे. शाळेमागच्या मोकळ्या रानात पोवार मास्तर फक्कीनं रेषा आखायचे आणि आम्ही परकराचा काचा मारून संध्याकाळ होईपर्यंत एकमेकींच्या घोट्यांना झोंबायचो. खेळून झालं की सगळ्या आमच्या घरामागच्या परड्यात पाणी प्यायला यायच्या. आता लिहायलाच बसले आहे तर हेही लिहिते: आमच्या घरात सुमीचा पेला वेगळा होता. परड्याच्या कोनाड्यात उपडा असायचा. मैदानावर जिच्या घामात माझा घाम मिसळायचा तिला मी तो पेला रोज माझ्या हातानं काढून द्यायचे, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिला वाटत होतं. ते तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, आणि तेव्हा कुठं मला खरी लाज वाटली.

आमचं घर पाराचं. माझे वडील, आबा, फार बोलणारे नव्हते, पण दोन गोष्टींत त्यांचा हात कुणी धरत नव्हतं: ऊस आणि फेटा. गाव एक होतं तेव्हा प्रत्येक लग्नात नवऱ्याला फेटा आबांनीच बांधायचा, असा शिरस्ता होता. पहिला पदर ते अंगठ्यानं कपाळावर दाबून धरायचे आणि मग असा झरझर पीळ देत जायचे की बघणाऱ्याची मान आपोआप फिरायची. गट पडल्यावर विहिरीवाल्यांनी त्यांना बोलावणं बंद केलं आणि आबांनीही विषय काढला नाही. ते स्वतः मात्र पांढराशुभ्र पटका रोज नव्यानं बांधायचे, रानात जायचं असलं तरी. डोक्याला पटका नसलेले आबा मी कधी बघितले नव्हते. आंघोळीहून आले की आधी पटका, मग चहा.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते त्या वर्षी कारखान्याची निवडणूक आणि गावची यात्रा मागोमाग आल्या. माघाचा महिना होता. आईला कंबरेत चमक भरली म्हणून तिची धाकटी बहीण, गंगूमावशी, चार दिवस मदतीला आली. मावशी निपाणीच्या पलीकडं दिलेली. बोलणं मराठीच, पण मध्येच कानडीचा हेल काढायची, आणि आईला अक्का म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंथरुणातून उठायच्या आत मावशीनं म्हशीची धार काढली, किटली उचलली आणि दूध घालून आलीसुद्धा. आई म्हणाली, "एवढ्यात आलीस?" आमची पाराची डेअरी गावाच्या टोकाला होती. आमच्या दारासमोर होती ती विहिरीची. इतकी वर्षं आई त्या दारावरून मान न वळवता पुढं जात होती.

"अय्यो, समोर डेरी असताना येवढ्या लांब कशाला जायाचं? हितंच घातलं की."

"गंगे! काय केलंस ग ह्ये!" आई कंबर विसरून उठून बसली.

"दूधच घातलंय न्हवं अक्का? इख घातल्यागत काय वरडतीस? आमच्याकडं गावावरनं दोन राज्यं भांडायलीत. ते येऊन कानडी पाटी लावत्यात, हे येऊन मराठी पाटी लावत्यात. दूध मातूर समदी एकाच डेरीत घालतोय. म्हशीला काय कळतंय, कुठलं राज्य ते?"

म्हशीला कळत नसेल. गावाला कळत होतं. आमच्या गावात दूध चुकून कुठं जात नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बायका एकमेकींना मुंडीनंच सांगत सुटल्या. दुपारी आबा रानातून येऊन जेवायला बसले होते, आईनं हुलग्याचं माडगं वाढलं होतं, तेवढ्यात दारात हलगी कडाडली. विहिरीचे दहा-बारा जण गुलाल घेऊन आत. "शंकरआबा, लई बेस केलासा! तुमच्यासारखा माणूस तिकडं शोभतच नव्हता!" असं म्हणत त्यांनी आबांच्या गळ्यात हार घातला, आणि मूठभर गुलाल उधळला तो अर्धा पटक्यावर आणि अर्धा माडग्यात. आबांच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच. मावशी चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती. तिला अजून कळलं नव्हतं. मलाही हसूच येत होतं, खोटं कशाला सांगू?

हसू संध्याकाळपर्यंत टिकलं. आमचा ऊस तोडीला आला होता, तुरे फुटले होते, आणि तोडणीची टोळी आमच्या शेजारच्या फडात बसली होती. टोळी कुणाच्या फडात आधी घालायची ते कागदावर कारखाना ठरवायचा. प्रत्यक्षात ते पारावर ठरायचं. त्या संध्याकाळी टोळी आमचा बांध सोडून पुढच्या रानात गेली. आबांनी गुलाल लागलेला पटका बदलला आणि मेव्हणीची चूक सांगायला ते पारावर गेले. रावसाहेब रागावले नाहीत म्हणे. त्यांनी आबांना पान दिलं आणि म्हणाले, "दूध तर आता माघारी घेता येत न्हाई शंकर. पण पोरगी आपल्याकडं घेता येती की." यात्रेच्या मैदानावर यंदा पहिल्यांदाच मुलींचे सामने होणार होते. आसपासच्या गावांचे संघ येणार, मतदान पंधरा दिवसांवर, आणि जिंकणाऱ्या कप्तानाला फेटा बांधायची आमच्याकडं पद्धत. ज्यानं फेटा बांधला त्याचा तो खेळाडू, आणि ज्याचा खेळाडू त्यालाच त्या घरातली मतं, हे न बोलता ठरलेलं. पैलवानांचं कित्येक वर्षं असंच चाललं होतं. आता आमच्या डोक्यांना किंमत आली.

आबांनी जेवताना सांगितलं. ताटाकडं बघूनच. "शाले, यात्रेत पाराचा पोरींचा संघ उतरणार हाय. कप्तान तू."

"आमचा संघ हाय की आबा."

"तो मोडला."

"कुणी मोडला? आमास्नी कुणी इचारलं न्हाई."

"इचारायचं काय त्यात? विहिरीचा त्यांचा येगळा व्हतोय. चंपी तिकडनं खेळंल. सुमीला आपल्यात घेत्यात, बूट बी देणार हायत."

"म्हंजे मी चंपीचा पाय धरून तिला पाडायची?"

"कबड्डीच हाय न्हवं? कुणाचा तरी धरायचाच की."

"मी न्हाई खेळत पाराकडनं."

आईनं उलथनं वाजवलं, म्हणजे मी गप्प बसावं. मी बसले नाही. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. ते अजूनही नाही, मी जिथं शिकवलं त्या शाळेतल्या तीन मुख्याध्यापकांना विचारा. आबांचा आवाज चढला. "फड उभा वाळंल, कळतंय? वाळलेला ऊस तू खाणार हाईस व्हय?"

"खाईन!"

"मग ऐक. त्या पोरींसंगं मैदानात उतरलीस तर माझ्या दारात परत पाय ठेवायचा न्हाई." आणि ते ताटावरून उठले. आबा कधी ताटावरून उठत नसत. मावशी दुसऱ्याच दिवशी सकाळी रडत रडत निपाणीची गाडी धरून गेली. जाताना आईला म्हणाली, "अक्का, मी परत आली तर म्हशीकडं बघणार बी न्हाई."

मावशी गेल्यावर मी तडक सुमीकडं गेले. तिच्या आईनं नुकताच सारवलेला उंबरा, कोनाड्यात बाबासाहेबांचा फोटो, चुलीवर चहा. मी आत बसले होते तोवर बाहेर रावसाहेबांचा माणूस आला, हातात नव्या कॅनव्हास बुटांचा खोका. मतदान पंधरा दिवस लांब असताना वाड्यात आलेला हा पहिलाच. तो खोका पुढं करून बोलायला लागला की पारावर सगळ्यांना सुमनचं किती कौतुक आहे, आजवर असं कुणी गावात झालं नाही, वगैरे. सुमीच्या आईनं कपबशी आणून पुढं ठेवली. तो म्हणाला, "नको नको, आत्ताच घिऊन आलोय."

सुमी म्हणाली, "प्या की. च्याच हाय."

"न्हाई ग, पोटात जागा न्हाई."

"मग संघात बी जागा न्हाई," सुमी म्हणाली. तो हसला, त्याला थट्टा वाटली. सुमी हसत नव्हती. "इतकी वर्षं आमास्नी पारावर टेकू दिलं न्हाईसा, आणि आता पाराच्या संघात या म्हंतासा? बूट घिऊन जावा. माप बी चुकलंय." तो गेला, आणि तासाभरात विहिरीचा माणूस आला. त्यानं चहा घेतला, पण बशीला तोंड न लावता निवत ठेवला आणि तसाच ठेवून गेला. त्याचंही सुमीनं तेच केलं. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं आमच्या परड्यातला उपडा पेला आला. त्या दिवशी मी सुमीच्या घरचा चहा दोनदा मागून प्याले. ते काही फार मोठं केलं असं नाही; पण प्याले.

दुसऱ्या दिवशी सातही जणी शाळेमागं जमलो. चंपीच्या गालावर वळ होता. तिच्या घरी माझ्या घरापेक्षा जास्त झालं होतं. पोवार मास्तरांना आम्ही म्हटलं, आम्हाला एकच संघ म्हणून खेळायचं आहे, काय करू? मास्तर घाबरट माणूस, बदलीच्या नुसत्या नावानं त्यांना घाम फुटायचा. ते फक्कीचा डबा उचलून रेषा आखत आखत, आमच्याकडं न बघता म्हणाले, "हे बघा पोरींनो, मी सरकारी नोकर हाय. मी तुमास्नी कायबी सांगितलेलं न्हाई. पण नियम सांगायला हरकत न्हाई. समोरच्या अंगणात कुणी उतरलंच न्हाई, तर पंच हजर असलेल्या संघाला पुढे चाल देतो. हा नियम हाय, सल्ला न्हवं." चंपीनं माझ्याकडं बघितलं आणि वळासकट हसली.

यात्रेच्या दिवशी सकाळी मी घरातून निघाले तेव्हा आबा दारात नव्हते, गोठ्यात होते, माझ्याकडं पाठ करून. पण दोरीवर माझा खेळायचा शर्ट होता, नीळ घालून धुतलेला, आणि त्याचं खालचं तुटलेलं बटण लावलेलं. मी तो घातला आणि परत यायचं कुठं याचा विचार न करता बाहेर पडले.

मैदान भरलं होतं. देवळाच्या बाजूला पाराची माणसं, ओढ्याच्या बाजूला विहिरीची, आणि मध्ये व्यासपीठावर दोन खुर्च्या, एकमेकींपासून हातभर लांब. प्रत्येक खुर्चीपुढं ताट, ताटात फेटा. एक भगवा, एक गुलाबी. पहिला सामना आमच्याच गावच्या दोन संघांचा ठेवला होता, मानाचा म्हणून. कर्ण्यावरून आधी पाराच्या संघाची यादी वाचली, मग विहिरीच्या. सुमन कांबळे हे नाव दोन्ही याद्यांत होतं. तिला न विचारता दोघांनीही लिहून टाकलं होतं. लोक हसायला लागले, वाचणारा गोंधळला. याद्यांत भरतीला घातलेल्या लहान पोरी होत्या, त्यांना चंपीनं आधीच कानात काय ते सांगितलं होतं. त्या बांगड्यांच्या दुकानाकडं पळाल्या. आणि आम्ही सात जणी, धुवून विटलेल्या शर्टांत, एका ओळीत आलो आणि एकाच अंगणात उभ्या राहिलो. समोरचं अंगण मोकळं.

पंच कोल्हापूरचे, त्यांना आमच्या गावची भानगड काय माहीत! त्यांनी शिट्टी मारली. "दुसरा संघ कुठाय?"

"आलाय की," मी म्हणाले. "हितंच हाय. गाव येक, संघ येक."

असा गलका उठला की देवळावरची कबुतरं उडाली. रावसाहेब उभे राहिले, भाऊसाहेबही उभे राहिले. कोण कुणाला म्हणालं ते आठवत नाही, पण शब्द दोघांचे एकच होते: "पोरी माजल्यात." वीस वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, ते आमच्यामुळं! पंचांनी तीनदा पुकारा केला, घड्याळ बघितलं आणि हात आमच्याकडं करून म्हणाले, "पुढे चाल." पोवार मास्तर तेव्हा पाणी प्यायला म्हणून कुठं गेले होते ते सामने संपेपर्यंत आलेच नाहीत.

अंतिम सामना पन्हाळ्याकडच्या संघाशी. थोराड पोरी, डोंगरातल्या, मांड्या अशा की पकडायला दोन हात पुरत नव्हते. पहिल्या अर्ध्यात त्यांनी आम्हाला लोळवलं. बाजूला दोन्हीकडची माणसं मुकाट बसलेली. कुणी टाळी वाजवावी तर ती कुणाच्या बाजूनं धरली जाईल हे कुणाला कळेना. शेवटी बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, "शाले, घोटा धर घोटा!" तो आईचा होता, चमक भरलेल्या कंबरेनं उभ्या राहिलेल्या माझ्या आईचा. तिथून बायकांना तोंड फुटलं. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं मागं. सुमी चढाईला गेली. त्यांनी तिला कोपऱ्यात घेतलं, तिघी अंगावर आल्या, आणि ती त्यांच्या खालून, मातीत पोट घासत, हात लांब करून मध्यरेषेला लागली. तीन गुण. मग त्यांची शेवटची चढाई. मी घोटा धरला, चंपीनं कंबर धरली, आणि शिट्टी वाजेपर्यंत आम्ही सोडलं नाही. माझ्या तोंडात माती होती, आणि मला ती गोड लागली.

कर्ण्यावर कप्तानाला बोलावलं. रावसाहेबांनी भगवा फेटा उचलला. भाऊसाहेबांनी गुलाबी उचलला. दोघे एकाच वेळी माझ्याकडं निघाले, आणि दोघांच्याही तोंडावर असं हसू, जणू आम्ही त्यांच्यासाठीच खेळलो. मी काही ठरवून ठेवलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते, नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, आणि कर्णा जवळ असल्यामुळं सगळ्या मैदानाला ऐकू गेलं: "आमचा फेटा आमचं आबा बांधणार."

आबा आलेत का, हेच मला माहीत नव्हतं. आले असले तरी ते पुढं येतील कशाला? आपल्या दारात पाय ठेवू नको म्हणालेले आबा. ते आले नसते तर आम्ही सातही जणी तिथंच हसं होऊन उभ्या राहिलो असतो, आणि शेवटी त्या दोनांतला एक फेटा मला निमूट बांधून घ्यावा लागला असता. मी गर्दीत बघायचं टाळलं. मग मागून, उसाच्या रसाच्या गाड्याच्या बाजूनं, कातडी वहाणांचा कर्र कर्र आवाज ऐकू आला. लोक बाजूला होत होते. आबा कुणाकडं न बघता आले, रावसाहेबांच्या आणि भाऊसाहेबांच्या मधून आले, आणि माझ्यासमोर उभे राहिले. भगव्याला हात लावला नाही, गुलाबीला हात लावला नाही. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा पटका सोडायला सुरुवात केली. आबांचं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडं बघितलं. मध्ये टक्कल पडलं होतं, आणि ते मला माहीतच नव्हतं.

ते माझ्या डोक्याकडं हात नेत होते तेव्हा मी सुमीला दंडाला धरून पुढं ओढलं. "आबा, कप्तान मी हाय. खरं सामना हिनं काढलाय."

आबांचे हात थांबले. त्या थांबण्यात काय काय होतं ते सुमीला कळलं, मला कळलं, आणि आबांनाही कळलंच असणार. मी हे गोड करून सांगणार नाही. हात थांबले होते. मग त्यांनी पटक्याचा पहिला पदर सुमीच्या कपाळावर ठेवला आणि अंगठ्यानं दाबून धरला. सुमीनं मान जरासुद्धा वाकवली नाही. ती म्हणाली, "घट्ट बांधा काका. मला अजून नाचायचं हाय." आणि आबा हसले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. बांधून झाल्यावर ते माझ्याकडं वळून म्हणाले, "जेवाय ये घरी," आणि उघड्या डोक्यानं सगळ्या गावातून चालत घरी गेले.

टोळी आमच्या फडात आलीच नाही. निवडणूक झाली, कोण जिंकलं ते मी सांगत नाही, कारण त्यानं आम्हाला काही फरक पडला नाही. उन्हाळा चढल्यावर आबांनी आणि आम्ही घरच्यांनी मिळून ऊस तोडला आणि लांबच्या एका गुऱ्हाळात नेला. वाळलेल्या उसाचा रस कमी पडतो. ढेपा निम्म्याच झाल्या आणि रंगानं काळ्या. तो गूळ कोण घेणार! वर्षभर आमच्या घरात सगळ्यात गूळ होता. चहात गूळ, भाकरीवर गूळ, आमटीत गूळ, आजारी पडलं तर गुळाचं पाणी. मी नाक मुरडलं की आबा माझ्या ताटात अजून एक खडा टाकायचे. "खा. म्हणालीवतीस न्हवं, खाईन म्हणून?" आणि आई तेव्हापासून दूध एक दिवस समोरच्या डेअरीत घालायची आणि एक दिवस टोकाच्या. दोन्ही गट मतदानाआधी कुठलं घर कुणाचं ते मोजायचे; त्या घरमोजणीत आमच्या नावापुढं प्रश्नचिन्ह राहिलं, ते आबा जाईपर्यंत. सुमीचा कोनाड्यातला पेला घरात कधी आला ते मला आठवत नाही. त्या वर्षी नाही, एवढं खात्रीनं सांगते.

परवाच्या यात्रेला गावानं आम्हा जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला. चंपी आता नाही. सुमी कसबा बावड्यात राहते, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाली. आम्ही दोघी एकाच रिक्षानं गेलो. व्यासपीठावर रावसाहेब आणि भाऊसाहेब या दोघांचे नातू होते. आता पाराचे विहिरीच्या पक्षात गेलेत आणि विहिरीचे पाराच्या, आणि मोबाईलवर सगळं इतक्या वेळा बदलतं की घरमोजणी करणारीही पोरं कंटाळलीत. पण ताटं तशीच, दोन. त्यांत फेटे तसेच, दोन. एक नातू माझ्यापुढं आला, एक सुमीपुढं. फोटोवाला तयार. आणि सुमीनं, तिचा एक गुडघा बदललेला आहे, खुर्चीला धरून उठत, हात वर करून त्या पोराला थांबवलं.

"ऱ्हावू द्या पावणं. आमचा बांधणारा गेला. आता आमचं आमी बांधतो."

तिनं त्याच्या हातातून फेटा काढून घेतला आणि माझ्या कपाळावर पहिला पदर अंगठ्यानं दाबून धरला. मला रडू आलं, सगळ्या गावासमोर, आणि मी ते पुसलं नाही. मग मी तिला बांधला. दोघींनाही ते येत नव्हतं. माझा फेटा डाव्या कानावर घसरला होता, आणि फोटोतही तो तसाच आहे.